वाकडा दात

४ जानेवारी

खारूताई,

आशीर्वाद आहेतच, दर पत्रात नव्याने लिहीत नाही.

त्या देशात कायमचं राहायला मिळावं म्हणून तू 'कुशल कामगार' या नावाखाली अर्ज केला आहेस आणि आता तुझे गुण मोजणार आहेत, हे वाचलं. वयाला इतके, भाषेला इतके, अनुभवाला इतके. बाजारात भेंडी घेताना मी शेंडा मोडून बघते. त्यांनी तुझा कुठे मोडून पाहिला, तेवढं कळव.

तुला इंग्रजीची परीक्षा द्यायला लावली म्हणे. तुझं इंग्रजी मी शिकवलं आणि माझं शाळेतल्या सिस्टरांनी, हातात पट्टी घेऊन. त्या परीक्षकाला माझ्यासमोर अर्धा तास बसव. त्याला स्वल्पविराम कुठे द्यायचा ते कळत असेल तर मी नाव बदलेन. आणि वयाचे गुण दर वाढदिवसाला कमी होतात ही अक्कल त्यांना लग्न जुळवणाऱ्या बायकांकडून आली असावी.

तिथे दोन वर्षं दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत कवळ्यांचे दात घासते आहेस, ते पुरे नाही झालं? इथे बापाचं स्वतःचं दुकान आहे. लहान का असेना, शहरातले निम्मे म्हातारे त्याच्या कवळ्यांवर जेवतात. तुझ्या बापाचा मी फारसा आदर करत नाही हे जगजाहीर आहे. धाकटा भाऊ, माझ्या कडेवर वाढला, आणि मनाने अजून तिथेच आहे. पण त्याच्या हातांबद्दल मी कोणाचं ऐकून घेत नाही. माझी कवळी केली तेव्हा वरचा डावीकडचा दात त्याने किंचित वाकडा बसवला, शेजारच्याच्या खांद्यावर चढलेला. शाळेत असताना माझा अगदी तसा होता. मी त्याला एका अक्षराने सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांनी भावाला बहिणीचा वाकडा दात आठवतो! हे मी बँकेच्या रांगेत, जिन्यात, दवाखान्यात, सापडेल त्याला ऐकवलं आहे.

तीच कवळी परवा बेसिनमध्ये पडून तडकली. त्याच्याकडे दुरुस्तीला दिली आहे. तोवर सूप आणि कुस्करलेलं केळं. माझ्या वाणीवर याचा परिणाम झालेला नाही.

फोन करू नकोस. फोनवर तू 'आवाज येत नाही' म्हणून निसटतेस. कागदावर सापडतेस.

आत्या


२८ जानेवारी

आत्या,

नमस्कार वाकून केला आहे. तू पाहिला नाहीस एवढंच.

शेंडा मोडला, आणि त्यांनी नाही मोडला. त्यांचं पत्र आलं आहे. वय ठीक, भाषा उत्तम (तुझा पट्टीवाला वारसा), पण अनुभव सिद्ध होत नाही. पाच वर्षं लागतात. इथली दोन धरतात. आधीची सगळी वर्षं बाबांच्या दुकानातली, आणि त्याचा दाखला बाबांनी द्यायचा होता. त्यांनी दिला. इथे भाषांतर करून जोडला गेला, मी आंधळ्या विश्वासाने आधी वाचलासुद्धा नाही. मूळ असं आहे:

"सदर कन्या सुशील, मनमिळाऊ व गृहकृत्यदक्ष असून सुसंस्कारित घरात वाढली आहे. तिला फावल्या वेळात कलाकुसरीची आवड आहे. तिने आजवर कोणाकडेही नोकरी केलेली नाही व घरच्यांनी तिच्यावर कधी तशी वेळ येऊ दिलेली नाही."

आत्या, हा माझ्या स्थळांसाठी छापलेला मजकूर आहे. बाबांनी तोच कागद काढला, वर तारीख बदलली, आणि एका सरकारी खात्याला पाठवला. ते खातं माझ्याशी लग्न करायला बसलेलं नाही.

मार्चअखेरपर्यंत नवीन निवेदन द्यायची मुभा आहे. शिवाय ते बाबांना फोन करून खातरजमा करतील. हे जमलं नाही तर माझा परवाना उन्हाळ्यात संपतो आणि मी परत येते, त्याच पडद्यामागच्या टेबलावर. तिथे माझ्यासाठी दिवा होता, स्टूल होतं, फक्त मी कोण हे कोणाला माहीत नव्हतं. दातांच्या डॉक्टरांचा माणूस जबड्यांचे ठसे घेऊन आला की बाबा पडदा ओढायचे. मी शिंक आली तरी दाबायची.

बाबा माझा फोन उचलतात, म्हणतात, "लिहिलं ना चांगलं? आणखी काय लिहायचं?" आणि ठेवतात. तू जा. तुझ्यासमोर ते अजून उभे राहून बोलतात.

खारू


१६ फेब्रुवारी

खारूताई,

गेले होते. पायातली चप्पल न काढता आत शिरले, यावरून माझी मनःस्थिती समजून घे.

दुकान म्हणजे नुसती कळा गेलेली जागा. काउंटरवर प्लास्टरची धूळ, फळीवर लोकांचे जबडे आ वासून बसलेले, आणि मधोमध तुझे तीर्थरूप, दोन्ही हात खिशात घालून, एखाद्या जहाजाचे कप्तान असल्यासारखे.

मी म्हटलं, "गृहकृत्यदक्ष?"

"मग? नाही का ती?"

"तिला चहा करता येत नाही. तू तिला कधी स्वयंपाकघरात पाहिलंस?"

"ताई, मुलगी आहे ती माझी. कामगार नव्हे. माझ्याकडे कामाला होती असं लिहून देऊ? उद्या लोक म्हणतील, बापाने पोरीला राबवलं आणि तिच्या जिवावर खाल्लं."

"ते लोक तिथल्या खात्यात बसलेले नाहीत. तिथल्या लोकांना तू राबवलंस हेच ऐकायचं आहे. तेवढंच ऐकायचं आहे!"

"मदत करायची. तसं लिहितो हवं तर. अधूनमधून मदत करायची."

मी त्याला काय काय म्हटलं ते लिहीत नाही, हे पत्र सीमाशुल्कवाले उघडतात म्हणे. त्याने चहा मागवला. माझा मी प्यायले. त्याच्या कपावर साय धरली तरी त्याने हात लावला नाही. खिशातून हात काढण्याइतकीही माझी किंमत नाही. बायको गेल्यापासून त्याला कोणी बोलणारं उरलं नाही, त्याचा हा परिणाम.

माझी कवळी परत दिली. काय दुरुस्ती! एका बाजूला उचलते, दुसऱ्या बाजूला रुतते. बोलायला लागले की ती माझ्या आधी वाक्य संपवते. सोन्यासारखा हात असलेल्या माणसाने सख्ख्या बहिणीचं काम असं उरकावं, याला माज म्हणतात.

आता तुला एक विचारते, आणि फुरंगटून बसू नकोस. तू नक्की किती काम करायचीस? चार दात घासले, दोनदा पॉलिश केलं, आणि परदेशात त्याला 'अनुभव' म्हटलं, असं तर नाही ना? खरी बाजू असेल तर मी त्याच्या मानगुटीवर बसते. अर्धवट बाजू घेऊन मी भांडत नाही, त्यात मजा येत नाही.

आत्या


२ मार्च

आत्या,

नमस्कार नाही. आज रागावले आहे.

बाबांनी चहाला हात लावला नाही, कारण कप उचलला असता तर तो तुझ्या साडीवर सांडला असता. त्यांचे हात थरथरतात. नुसते म्हातारपणाचे नाही, कंप आहे. औषध घेतात, ते डब्यात वेगळ्या नावाने ठेवतात. मेण तापवून हिरडीवर एकेक दात बसवायचा म्हणजे श्वास रोखावा लागतो. त्यांना शर्टाचं बटण लावता येत नाही.

म्हणून पडदा. मी कोणाची नोकर वाटू नये म्हणून नव्हे, ते कारण त्यांनी नंतर शोधलं आणि स्वतःच त्यावर विश्वास ठेवला. ठसा बाहेर घ्यायचे, आत मला द्यायचे. मेणात दात मी बसवायची, साचा मी घालायची, घासणं-पॉलिश माझं. तयार झालं की ते रुमालात गुंडाळून बाहेर न्यायचे आणि डॉक्टर म्हणायचे, "वा, तुमच्या हाताला तोड नाही." मी आत स्टुलावर बसून ऐकायची. एकदा मला हसू आलं तर त्यांनी पडद्याला लाथ मारली.

किती काम, विचारतेस? सगळं. केव्हापासून, ते विचारू नकोस.

मी इकडे आल्यावर त्यांनी लोकांना सांगितलं, पोरगी शिकायला गेली. कामाला गेली म्हटलं तर काय काम येतं हा प्रश्न आला असता. तेव्हापासून ते एकटे जे काही करतात ते तुझ्या तोंडात आहेच. ती कवळी आणखी कोणाच्या हातात देऊ नकोस. सांभाळून ठेव.

नवीन निवेदन मी लिहून बाबांना पाठवलं होतं. सही न करता परत आलं, वर टाचणीने टोचलेली देवाच्या अंगाऱ्याची पुडी. तसं कळवल्यावर खात्याने निवेदन फोनवरच घ्यायचं ठरवून वेळ दिली आहे: १४ मार्च, तुमच्याकडे दुपारी चार. बाबांना त्यांची भाषा येत नाही म्हणून घरचं कोणी दुभाषा चालेल, पण सगळं ध्वनिमुद्रित होईल आणि त्यांचा माणूस नंतर तपासेल. म्हणजे तू तुझं काही घुसडू शकणार नाहीस. मी तुला ओळखते, म्हणून सांगते.

मला माहीत आहे मी काय मागते आहे. बाबा बोलले तर खातं डॉक्टरांकडे चौकशी करेल आणि दुकान जाईल. नाही बोलले तर मी जाईन, त्या पडद्यामागे. त्यांनी दोन्हीतलं एक निवडायचं आहे आणि ते अंगारा पाठवताहेत.

खारू


१५ मार्च

खारूताई,

काल फोन झाला. जसा झाला तसा लिहिते.

पावणेचारला गेले. दुकान बंद करून घेतलं, फोन काउंटरवर ठेवला, त्याला समोर बसवलं. त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. मी पाहिलं आणि काही बोलले नाही. माझ्या आयुष्यातला हा एक विक्रम आहे.

बाई होती, तरुण. मी कोण हे विचारलं. मी सांगितलं, आत्या, निवृत्त शिक्षिका, आणि कोणाला बरं वाटावं म्हणून मी आजवर एका शब्दाचं भाषांतर केलेलं नाही. ती म्हणाली, छान. तिचं इंग्रजी बरं होतं. क्रियापदं जागेवर होती.

तिने विचारलं, तुमची मुलगी तुमच्याकडे काय काम करत होती?

तुझा बाप म्हणाला, "सांग, मदत करायची."

"हे मी सांगणार नाही."

"ताई!"

"मदत मांजरसुद्धा करतं, पायात पायात येऊन. काम सांग."

"तू नुसतं भाषांतर कर."

"करते की. आधी काहीतरी बोल, मग करते."

पलीकडून बाईने विचारलं, काही अडचण आहे का? मी म्हटलं, माझा भाऊ शब्द शोधतो आहे. त्याच्याजवळ थोडेच आहेत, वेळ लागेल.

मग मी त्याचा उजवा हात मांडीखालून ओढून काढला आणि टेबलावर ठेवला, चहाच्या बशीपाशी. खारूताई, तो हात बशीला लागला आणि त्यातला चमचा वाजायला लागला. थांबेना. थंडीने दात वाजतात तसा. मी त्याला लहानपणी आंघोळ घातली आहे, हा हात मला पाठ होता. माझ्या ओळखीचा राहिला नव्हता.

बाईने विचारलं, हा आवाज कसला?

मी त्याला सांगितलं, "ती विचारते आहे, आवाज कसला."

तो चमच्याकडे बघत राहिला. मला वाटलं हा आता उठून जाणार. तर म्हणाला, "सांग तिला, माझे हात आहेत."

मी सांगितलं.

त्यानंतर त्याला थांबवणं कठीण झालं. हात गेले, मग पोरीने सगळं उचललं. नाव माझं, काम तिचं. पडद्यासकट सांगितलं. म्हणाला, "एका डॉक्टरालासुद्धा कळलं नाही," आणि त्यात त्या गाढवाला अभिमान वाटत होता! स्वतःच्या लबाडीचा नाही, तुझ्या हाताचा. तोंडावर हसू आलं त्याच्या, मला एक ठेवून द्यावीशी वाटली.

बाई म्हणाली, तिच्या कामात विशेष काय होतं, एखादं उदाहरण देता येईल का?

"ती सगळे दात सरळ बसवायची नाही," तो म्हणाला. "सरळ बसवले की माणूस दुकानातल्या बाहुल्यासारखा दिसतो म्हणायची. गिऱ्हाइकाचा तरुणपणचा फोटो मागवायची, भिंग घेऊन बसायची, आणि जिथे फट असेल तिथे फट, वाकडा असेल तिथे वाकडा. कवळी घालून लोक घरी गेले की घरचे रडायचे." मग त्याने माझ्याकडे बोट केलं. बोट कुठेही जात होतं, पण रोख कळला. "ही माझी बहीण. हिचा दात वाकडा होता हे मला ठाऊकही नव्हतं. पोरीने हिचा शाळेतला फोटो शोधून काढला आणि तसा बसवला. ही जगाला सांगत फिरते, भावाला आठवला म्हणून. मी गप्प बसलो."

हे मला भाषांतर करायचं होतं. ध्वनिमुद्रण चालू होतं.

मी केलं. शब्द न् शब्द. 'माझ्या बहिणीचा दात वाकडा होता हे मला ठाऊकही नव्हतं.' सिस्टरांनी शिकवलेल्या उच्चारात, त्याने बिघडवलेल्या कवळीतून, काळाची एकही चूक न करता. बाई म्हणाली, थँक यू, मॅडम.

फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "आता डॉक्टरांना कळेल. दुकान बंद पडेल."

मी म्हटलं, "पडू दे. माझ्या तोंडातलं काम पाहता ते सरकारनेच बंद करायला हवं होतं."

तू मला सांगितलं नाहीस. सहा वर्षं मी बँकेच्या रांगेत उभी राहून जे बोलले, ते तू ऐकत होतीस. याचा हिशोब आपण समोरासमोर करू. मी चुकले असं मी लिहिणार नाही, कारण चूक माझी नाही. माझ्या बाजूने सगळं बरोबर होतं, फक्त भाऊ चुकीचा होता.

आत्या


९ मे

आत्या,

मिळालं. कायमचं. सकाळी निरोप आला, तेव्हा हातात कोणाचा तरी खालचा जबडा होता. तो हळूच खाली ठेवला आणि मग धुण्याच्या खोलीत पडद्याआड जाऊन बसले. पडदा नसलेल्या खोलीत मला अजून रडता येत नाही.

फोनबद्दल त्यांनी लिहिलं आहे: 'नियोक्त्याचे निवेदन सविस्तर व विश्वासार्ह.' नियोक्ता! बाबांना वाचून दाखव. आणि दुभाष्याच्या भाषांतरात त्यांच्या माणसाला एकही दुरुस्ती सुचली नाही.

दाताबद्दल. तू कवळी घालून पहिल्यांदा आरशात पाहिलंस तेव्हा मी पडद्याच्या फटीतून बघत होते. तू आरशाकडे पाहिलंस, मग बाबांकडे पाहिलंस, आणि त्यांच्या गालाला हात लावलास. तुला कोणाच्या गालाला हात लावताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. बाहेर येऊन काय सांगणार होते मी?

आता मला जाण्यायेण्याची मुभा आहे. नजरकैदेत असल्यासारखं इथेच बसावं लागणार नाही. हिवाळ्यात येईन. बाबा कसे आहेत?

खारू


३० मे

खारूताई,

अभिनंदन त्या खात्याचं. त्यांना एक माणूस मिळालं. लायकी नसताना मिळालं, पण मिळालं.

तुझा बाप डॉक्टरकडे स्वतः गेला आणि स्वतःच्या तोंडाने सांगून आला. मी बरोबर गेले नाही, जिन्याखाली उभी होते. डॉक्टर म्हणाला, "अहो, कामाशी काम, कोण करतं ते मला काय करायचंय." त्यानंतर काम पाठवणं बंद केलं. तुझे दात इतकी वर्षं लोकांच्या तोंडात बसवून बिलं वाजवून घेतली, आता त्याला तत्त्वं सुचली. दुकान पंधरा तारखेला रिकामं केलं. फळीवरचे जबडे त्याने पोत्यात भरले, तुझं स्टूल आणि दिवा मात्र माझ्या घरी आणून ठेवला, न विचारता. माझा पाय रोज त्यावर आपटतो.

'नियोक्ता' वाचून दाखवलं. "म्हणजे मालक?" म्हणाला. मी म्हटलं, "तुझ्या बाबतीत नुसता पडदा धरणारा." तरी तो कागद घडी करून खिशात घातला.

आता तो रोज दुपारी येतो. चहा बशीत ओततो, दोन्ही हातांनी धरून पितो, निम्मा माझ्या टेबलावर. मी जुना टॉवेल पसरून ठेवते. सांडलं तर 'सांडलं' असं म्हणत नाही, फक्त टॉवेल बदलते. हे तू कोणाला सांगू नकोस, माझी इतक्या वर्षांची प्रतिमा आहे.

काल त्याने अचानक शाळेचा तो फोटो मागितला. वर्गाचा आहे, तुला माहीत आहे, सगळ्या पोरी एकसारख्या गणवेशात, दोन वेण्या, सिस्टर मध्ये. चष्मा लावून, कागद थरथरतो म्हणून टेबलावर दाबून, खूप वेळ बघत बसला. मी म्हटलं, आता तरी याला पाझर फुटला. भाऊ आहे, उशिरा का होईना बघतो आहे.

मान वर करून म्हणाला, "ताई, यातली तू कुठली?"

मी कवळी काढली आणि फोटोवर ठेवली. म्हटलं, शोध. त्याने शोधलं. एकेका पोरीच्या तोंडाशी भिंग नेत, ओठ हलवत, मागच्या रांगेपासून. तिसऱ्या रांगेत थांबला. "ही," म्हणाला. बरोबर होतं.

नवीन कवळी तुलाच करायची आहे. दुसऱ्या एका डॉक्टरणीकडून ठसा घेऊन, कापसात गुंडाळून, या पत्रासोबत पाठवते आहे. तुझ्या सीमाशुल्कवाल्यांनी उघडला तर त्यांना माझं तोंड दिसेल, तेवढं त्यांना घाबरायला पुरे. बाकीचे दात हवे तसे बसव, मला आता कोणाला दाखवायचे नाहीत.

तो एक मात्र वाकडाच ठेव. माझ्या भावाला मी त्याशिवाय ओळखू येत नाही.

आत्या